पांढऱ्या बगळीचं शेवटचं पान

गुंद, ता. जोयडा
३ एप्रिल २०२५

प्रिय अश्विनीवहिनी,

नेत्राचा नमस्कार. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत, तूही बेळगावात बरी असशील. काजूच्या बिया पडायला लागल्यात. आई सकाळी टोपली घेऊन जाते ती ऊन चढल्यावरच येते. तिचा गुडघा तसाच आहे. रक्षाची परीक्षा संपत आली, कन्नड आणि गणित चांगलं गेलं म्हणते.

तू तुझ्या लेकीसाठी आणि माझ्यासाठी पाठवलेली पुस्तकं कशी वाटली ते लिहीन, असं मी तुला सांगितलं होतं. ते राहून गेलं. आज तेच लिहायला बसले आहे.

पहिलं पुस्तक, तळ्याखालच्या गावाचं, रक्षाला फार आवडलं. मी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन-दोन प्रकरणं मोठ्यानं वाचायची आणि आई भाजी चिरता चिरता ऐकायची. त्यातली पोरं तीन दिवस जंगलातून चालतात, तेव्हा आई म्हणाली, "ह्यांच्या रानात जळवा न्हाईत व्हय गं? आनी घरची म्हस कोन पिळतंय?" रक्षा म्हणाली, "आज्जी, जादूच्या गोष्टीत म्हस नसती." "मग दूध कुटलं पितात?"

मोठ्या मुलींसाठीचं जाड पुस्तक तू माझ्यासाठी पाठवलंस, ते मी दोनदा वाचलं. सोळा वर्षांची मुलगी राज्य सांभाळते हे मला खरं वाटलं नाही. मी तेवीस वर्षांची आहे आणि मला जोयड्याला एकटीनं कचेरीत जायचं असलं तरी मी आदल्या दिवसापासून काय बोलायचं ते घोकत बसते. पण त्यातल्या म्हाताऱ्या गुरूचा मला खरा राग आला. मुलीच्या घरच्यांचं काय झालं ते त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. ती विचारते तेव्हा तो म्हणतो, वेळ आली की सांगेन. अशा प्रत्येक पुस्तकात असा एक मोठा माणूस असतो. मुलांच्या भल्यासाठी म्हणून तो गप्प बसतो, आणि पुढची सगळी दुःखं त्याच्या गप्प बसण्यातून येतात. मी समासात पेन्सिलीनं 'खोटारडा' असं लिहिलं. तुझं पुस्तक खराब केलं, त्याची माफी असावी.

तिसरं पुस्तक पांढऱ्या बगळीचं. ते संक्रांतीनंतर वासू कंडक्टरनं जोयड्याला आणून दिलं. त्याच्याबद्दल लिहायचं टाळून मी आता दोन पानं भरली.

वहिनी, त्यानंतर तुझं पुस्तक आलं नाही. का आलं नाही ते मला माहीत आहे.

तुझी चिठ्ठी मला मिळाली होती. शेवटच्या पानाला चिकटवलेली होती. तू ती रक्षाला लिहिली होतीस, पण तिला तेव्हा मराठी वाचता येत नव्हतं, शाळेत सगळं कन्नडच. वाचून दाखवायचं काम माझं होतं. नर्सिंगचं शिक्षण संपलं, दवाखान्यात लागले, खोली घेतली, खिडकीतून पेरूचं झाड दिसतं, शाळा जवळ आहे, येशील का माझ्याकडे, असं तू विचारलं होतंस. आणि खाली लिहिलं होतंस, 'मी गाडीत बसले त्या दिवशी तू हाक मारली नाहीस. रागावली असशील तर आत्तीला तसं लिहायला सांग. उत्तर आलं नाही तर मी समजेन, पुन्हा विचारून तुला त्रास देणार नाही.'

मी ती चिठ्ठी वाचली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवली. तुला लिहिलं, रक्षा मजेत आहे, पुस्तक आवडलं. एवढंच.

त्या संध्याकाळी बगळीची गोष्ट संपवायची होती. तुला माहीतच आहे, त्यात आईची बगळी झालेली असते आणि शेवटच्या पानावर ती मुलीच्या अंगणात उतरते, पंख गळतात, पुन्हा आई होते. मी वाचलं, बगळी डोंगरापलीकडे उडून गेली आणि मुलगी शहाण्यासारखी घरी राहिली. पुस्तकात नसलेली वाक्यं मी न अडखळता वाचली. रक्षा म्हणाली, "बास? संपली?" मी म्हटलं, संपली.

तुला आमच्या नानांची आठवण असेल. शाळा लांब म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरात शिकवलं, सुपातल्या तांदळावर बोट धरून. खानापूर, बेळगावहून येणारी मराठी पत्रं गावात तेच वाचून दाखवायचे. कुणाच्या पत्रात मरणाची बातमी असली तरी तेवढीच ओळ, तशीच. ते म्हणायचे, दुसऱ्याचं पत्र वाचताना आपण फक्त तोंड उसनं द्यायचं, अक्षर आपलं नव्हे. मी हे ऐकत वाढले आणि हे केलं.

मी स्वतःला सांगत होते की आई पाठवणार नाही, उगाच घरात भांडण नको. पण आईला मी विचारलंच नव्हतं. खरं असं की प्रशांतदादा वारला, मग तू शिकायला बेळगावला गेलीस, आणि रक्षा गेली तर संध्याकाळी मी कुणाला वाचून दाखवू, हे मला सुचेना. मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी गप्प बसले.

पुढचं याहून वाईट आहे.

फेब्रुवारीपासून मी रक्षाला मराठी अक्षरं शिकवत होते, नानांसारखीच, सुपातल्या तांदळावर. पोरगी भराभर शिकली. गेल्या गुरुवारी ती बगळीचं पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसली होती. शब्दाशब्दाखाली बोट ठेवत शेवटच्या पानावर आली, आणि म्हणाली,

"आत्ती, हितं येगळं हाय."

"काय येगळं?"

"हितं आई परत येती. तू वाचलीस ते न्हाई."

मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हटलं, "तू चुकून वाचलीस."

तिनं पुन्हा वाचलं. मग पुन्हा. ओठ हलताना मला दिसत होते. तिनं एकदाही माझ्यावर शंका घेतली नाही. पुस्तक मिटून म्हणाली, "मला अजून न्हाई येत मग."

त्यानंतर पाच दिवस तिनं पुस्तकाला हात लावला नाही. तांदूळ पुढे केले तर, "नको, मला येत न्हाई." जे तिला नीट येत होतं ते माझ्यामुळे येईनासं झालं.

मंगळवारी मी डब्याखालून चिठ्ठी काढली. आधी आईला सांगितलं. ती बिया वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईकडं जाती तर जाऊ दे की. मी कवा न्हाई म्हणाली? तू मला इचारलीस कवा?" मग बिया चाळवत, "अश्विनीला काय वाटलं आसंल गं," एवढंच म्हणाली.

मग रक्षाला समोर बसवलं. पुस्तक उघडून सांगितलं की तिनं बरोबर वाचलं होतं, चुकीचं मी वाचलं होतं, आणि मुद्दाम. चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "तू वाचू नको. मी वाचती." पूर्ण वाचली. जोडाक्षरापाशी दोनदा थांबली. नंतर विचारलं, "आई माझ्यावर रागात हाय?"

"तिला वाटलं तू रागात हाईस. हाक मारली न्हाईस म्हणून."

"तूच म्हणालीस की, जाणाऱ्या मानसाला मागनं हाक मारायची न्हाई, काम हुईत न्हाई म्हणून. तोंडावर हात ठेवलीस."

हे मी विसरले होते, वहिनी. खरंच विसरले होते. गाडी निघाली तेव्हा ती पुढे पळत होती आणि मी तिला मागून धरलं होतं, तोंडावर हात ठेवून. आमच्या घरची रीत. तुझं शिक्षण नीट व्हावं एवढंच माझ्या मनात होतं. तू खिडकीतून पाहिलंस तोवर मी हात काढला होता, तुला दिसलं ते गप्प उभं असलेलं पोर, आणि दोन वर्षं तेच मनात धरून राहिलीस. ती रागावलेली नव्हती. हाक तिच्या तोंडात होती.

तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि विचारलं, "ह्ये बरोबर वाचली मी?"

"बरोबर वाचलीस."

"सगळं?"

"सगळं."

तिला यायचं आहे. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा व्हय म्हणाली, आणि दुसऱ्यांदा जरा चिडून.

१० तारखेला निकाल आहे. शनिवारी, १२ तारखेला, सकाळच्या जीपनं जोयड्याला आणि तिथून रामनगरवरून बेळगावला मी तिला घेऊन येते. दुपारी स्टँडवर ये. आईनं काजू आणि कोकमाची सोलं बांधून ठेवलीत. तिची दोन्ही पुस्तकंही आणते. हे मी रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन फोनवर सांगू शकले असते, पण तिथं चार माणसं कान देऊन उभी असतात, आणि मला भीती होती की बोलताना मी पुन्हा काहीतरी गाळेन.

म्हणून इथवर लिहून झाल्यावर पत्र रक्षाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. 'तू चुकून वाचलीस' या ओळीशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे वाचायला लागली. एकही ओळ सोडली नाही.

स्टँडवर ती तुला लांबूनच हाक मारणार आहे, असं तिनं सांगून ठेवलंय. मी धरणार नाही.

संध्याकाळच्या गाडीनं मला परत निघावं लागेल. तेव्हा ती मलाही मागून हाक मारील की नाही, ते मला माहीत नाही. मारली तर तिला अडवू नकोस. मी थांबेन आणि वळून बघेन.

तुझी नणंद,
नेत्रा