कान तयार होतो आहे

३ मार्च, मंगळवार. सकाळी.
व्याह्यांनी लेकीच्या हाती रेकॉर्ड पाठवली. रविवारी स्वतः येणार, दोघांनी बसून ऐकायची. लग्नात ते म्हणाले होते, मला जॅझचं वेड. मी म्हणालो, मलाही. अशा वेळी माणूस दुसरं काय बोलणार? लेक म्हणते, "बाबा, खरं सांगून टाका. ते काही खाणार नाहीत तुम्हाला." तिला काय कळतं! बाप थापाड्या निघाला तर बोलणी तिलाच बसणार.
निश्चय : रविवारपर्यंत जाणकार व्हायचं.

दुपारी.
माळ्यावरून रेकॉर्ड प्लेअर काढला. थाळी फिरवणारा पट्टा वाळून तुटलेला. दुकानदार म्हणतो, मागवावा लागेल. मी जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली, मला पट्ट्याचं कौतुक? जुन्या चड्डीच्या कमरेचं इलॅस्टिक काढलं, मापाने कापलं, टोकं शिवली. झकास फिरतंय. हिने विचारलं, घरात दुसरं काही मिळालं नाही का. मी थाळी पुसायला घेतली.

४ मार्च, बुधवार.
पहिली बाजू ऐकली. कव्हरवर दोघे. एक सॅक्सोफोन फुंकतो, दुसरा लोखंडी पट्ट्यांवर काठ्या मारतो, त्याला व्हायब्राफोन म्हणतात. फार दुःखी माणसं. फुंकणारा तर मधेच कण्हतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हैस अडलीय का कुणाची?"
संध्याकाळी व्याह्यांचा फोन. म्हणाले, "लॅटिन ठेका आहे हो, पाय जागेवर राहत नाहीत!" माझे पाय जागेवरच राहिले. गुडघ्यांमुळे असेल.

५ मार्च, गुरुवार.
प्रगती. काल जे वरवर ऐकलं ते आज खोल वाटलं. सूरही खाली उतरलेत. म्हणजे माझा कान तयार होतो आहे. पहिली बाजू संपेपर्यंत चहा गार झाला, काल झाला नव्हता. तल्लीनता, दुसरं काय?
ही म्हणते, थाळी हळू फिरतेय. तिला सांगितलं, तू मशीनमध्ये नाक खुपसू नकोस.

६ मार्च, शुक्रवार.
आणखी खोल. लोखंडी पट्ट्यांचा आवाज आता देवळातल्या घंटेसारखा. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई खाली आल्या, दारातच हात जोडून विचारलं, "घरात कोणी गेलं का हो?" संगीत थेट काळजाला भिडतं ते असं.
रविवारसाठी वाक्य तयार केलं : "काय खोल दुःख आहे!" आरशासमोर मान हलवण्याचा सराव. मान आखडली. बाम लावला.

७ मार्च, शनिवार.
झोप उडाली आहे. व्याह्यांनी आडवातिडवा प्रश्न विचारला तर? ठरलं. डोळे मिटून घ्यायचे. मिटलेल्या डोळ्यांना कोणी प्रश्न विचारत नाही.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी.
व्याही आले. रेकॉर्ड लावली, डोळे मिटले, मान सुरू केली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ही कुठली?" मी म्हणालो, तुम्हीच दिलेली. ते गप्प. मी वाक्य टाकलं. ते आणखीच गप्प. वाटलं, जिंकलो.
मग फुंकणारा खाली, आणखी खाली गेला आणि थांबला. निव्वळ शांतता. मी मान हलवत राहिलो. म्हटलं, "इथे तो मुद्दाम थांबतो. हीच खरी जागा."
शेवटी ही म्हणाली, "अहो, डोळे उघडा."
रेकॉर्ड बाजूला, थाळी उचललेली, आणि व्याह्यांच्या दोन बोटांत तुटलेलं इलॅस्टिक. त्यावरचं चड्डीच्या कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.
त्यांनी थाळी परत बसवली, रेकॉर्ड ठेवली आणि बोटाने गरगर फिरवली. हे भलतंच निघालं. नाचायचं गाणं! हिची चप्पल ठेका धरू लागली.
"व्याही," ते म्हणाले, "याआधी जॅझ कधी ऐकलंच नव्हतं ना?"
मी छताकडे पाहिलं. तिथे कोळिष्टक आहे, काढायला हवं.
"आमच्याकडे मी रेकॉर्ड लावली की सगळ्यांना एकदम कामं आठवतात," ते म्हणाले. "आणि तुम्ही आठवडाभर हे असलं भयंकर ऐकत बसलात? माझ्यासाठी?"
म्हटलं, सवय झाली. मग त्यांचं बोट दुखेपर्यंत आम्ही ऐकलं, नंतर माझं बोट लावलं.
जाताना म्हणाले, पुढचा रविवार आमच्याकडे.

१४ मार्च, शनिवार.
व्याह्यांनी खरा पट्टा पाठवला. बसवला. गाणं सुसाट पळतं, ही केर काढता काढता त्यावर गिरकी घेते. लेक फोनवर विचारत होती, आता बरं वाटतं का. हो म्हटलं.
मान मात्र अजून जुन्याच वेगाने हलते. उद्या डोळे उघडे ठेवणार, पण मानेचं काय करावं कळत नाही.
आणि खरं सांगायचं तर, गाणं आधीचंच बरं होतं.