अनुजाच्या डब्यातले दोन आवाज

कोलकाता, ४ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून लिहिते. सातवी नापास बहिणीचं अक्षर आहे, लावून घे.

तुझ्या भाचीने, अनुजाने, गिटारचा पेडल करायला घेतलाय. पायाशी ठेवायचा पत्र्याचा डबा. गिटारची वायर त्यात जाते, तिथून स्पीकरला. आत दोन वाटा, त्यांना ती चॅनल म्हणते. एक साधा आवाज, एक फाटका. फाटका आवाज मुद्दाम करतात हे कळल्यावर मी म्हटलं, एवढी खटपट कशाला, बाबांना गायला बसव. हसली नाही.

चित्र तिने काढलं, सोल्डरिंग मी केलं. हावड्याच्या कारखान्यात दिवसभर चार्जर जोडते, मला काय अवघड, असं मी म्हणाले. दोन्ही वाटांना आवाजाचं एकेक बटण आहे. साध्याचं कमी केलं की फाटकाही खाली बसतो, पार बंद केलं की दोन्ही मुके. मी लगेच सुनावलं, तुझं चित्रच चुकलंय, इंजिनिअरिंगला घालून काय उपयोग झाला. तेव्हापासून ती माझ्याशी बंगालीत बोलते. म्हणजे रागावलीय.

चोवीस तारखेला बराकपूरच्या एका क्लबात तिचा पहिला कार्यक्रम. मैत्रिणीकडून पेडल उसना आणलाय. म्हणते, तुझ्या हातचा डबा मी स्टेजवर नेणार नाही. ते मला लागलंय. तू जन्मभर लाउडस्पीकर दुरुस्त केलेस, सांग काय करू.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी,
मंजू


मिरज, १२ ऑगस्ट २०२४

चि. मंजूस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर लागायला वेळ गेला, बोलणी ओळखीची होती. जयप्रकाशरावांचं गाणं मी तुमच्या लग्नात ऐकलंय. त्यापेक्षा माझं बहिरेपण बरं.

पेडलमधलं मला कळत नाही, पण एका मशीनला दोन माइक जोडताना हेच व्हायचं. शेजारणीने नळ पूर्ण सोडला की आपल्याकडे धार बारीक होते ना, तसं. दोन्ही बटणांच्या तारा पुढे थेट जोडल्या, की बंद केलेल्या बटणातून दुसऱ्याचाही आवाज पळून जातो. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक तारेत एकेक रेझिस्टर घालतात, तो पळणाऱ्याला अडवतो. अनुजाच्या चित्रात तिथे दोन रेझिस्टर आहेत का बघ. नसतील तर चूक तिची. असतील तर पुढचं मी लिहीत नाही, दिवाळीला बहीण घरी यायला हवी.

तुझी वहिनी शकुन आशीर्वाद सांगते. तब्येत सांभाळ, जमलं तर जीभही.

तुझा,
श्रीकांतदादा


कोलकाता, २६ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चित्रात दोन्ही आहेत. डब्यात नव्हते. मीच गाळले. वाटलं, आवाज पुढे जायचा तिथे आडकाठी कशाला, पोरीचा आवाज जरा मोठा येऊ दे. कारखान्यात चित्राबाहेर बोट हलवत नाही, सुपरवायझर घरी पाठवेल. घरी मात्र मीच सुपरवायझर.

तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मराठीत म्हणाली, आई, विचारायचंस तरी. बस, एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रेझिस्टर लावले. आता साधा बंद केला तरी फाटका जागचा हलत नाही. तिने वाजवून बघितलं आणि म्हणाली, बघू.

कार्यक्रमाला निघताना तिने दोन्ही पेडल पिशवीत घातले. उसना घासला जाऊ नये म्हणून तो मी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिला. क्लबात आम्ही मागच्या रांगेत. पुढे एक उंच माणूस उभा, तिच्या पायाशी काय आहे ते दिसेना. कान लावावा तर मला सगळंच फाटकं. हे आपले मान डोलावत होते, ते सुपारी फुटताना पण डोलावतील. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. कुठला वाजवलास, ते मी विचारलं नाही. दादा, मी, मंजू, आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

घरी आल्यावर पिशवी मीच रिकामी केली. उसना पेडल कापडात होता तसाच होता. माझी गाठ सुटलेली नव्हती. आमच्या डब्यावर बुटाची धूळ होती, ती मी अजून पुसली नाही.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मी बिघडेन.

तुझी,
मंजू