पुसलेले ठिपके

३ फेब्रु., मंगळ.
सकाळच्या एसटीने दौंडहून शिरूर. दादाच्या तेराव्यानंतर आज पहिल्यांदा वर्कशॉपचं शटर उघडलं. पुण्याच्या समीरच्या रॅली-शर्यतीच्या गाडीचे चार शॉकअब्सॉर्बर नि चार स्प्रिंगा बाकावर होत्या. दादाने दाबाच्या मशिनवर मोजून ठेवलेल्या, न्यायच्या राहिल्या. धूळ फार. सगळं थिनरने स्वच्छ पुसलं. स्प्रिंगांवर लाल डाग होते, तेही काढले. दादाला घाण चालायची नाही.

४ फेब्रु.
वहिनी चहा घेऊन आल्या. स्प्रिंगा बघून उभ्याच राहिल्या.
"भावजी, डाग न्हवतं ते. माझी नेलपॉलिश व्हती. एक ठिपका डावी, दोन ठिपके उजवी. आन् मोजताना ठिपका कायम मशिनच्या खांबाकडं."
मी एक स्प्रिंग फिरवून पाहिली.
"पुसाया बरं जमतंय तुम्हाला." कप ठेवून गेल्या.

६ फेब्रु.
पुन्हा मोजायला घेतलं. दादा म्हणायचा, पहिले दोन दाब देवाचे, तिसऱ्यापासून आकडा धर. तसंच केलं. पण स्प्रिंग जरा फिरवून ठेवली की आकडा बदलतो. पुढची जोडी शेवटी जुळली; मागच्या जोडीत एकच स्प्रिंग दोनदा वेगळी येते, नि दोन वेगळ्या कधी सारख्या. दादा कुठलं टोक खांबाकडे...
शॉकअब्सॉर्बर गार असले की घट्ट लागतात. मशिनवर वरखाली चालवून गरम केले, मग मोजले. ते ठीक आहेत. एक हातात घेतला. ऊब होती. जाईपर्यंत धरून बसलो.

७ फेब्रु.
समीरचा फोन. पंधराला, रविवारी रॅली. "काका, दादांच्या खुणा आहेत ना? मेकॅनिक बघून बसवेल."
नाहीत म्हणालो. मी पुसल्या.
 समीर म्हणाला, "उडीनंतर गाडी खाली आली नि एक बाजू जास्त दबली, तर मी कुठे जाऊन पडेन?"
संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, चाकणचा एकजण मशिन बघायला येतोय. "तुमच्यानं न्हाई चालायचं ते. घेतोय तर घेऊ द्या." मशिन इथेच राहावं असं मला वाटतं.  त्याच्यावर दादाच्या हाताने झिजलेली मूठ आहे, एवढंच.

९ फेब्रु., सोम.
सकाळपासून मागची जोडी. प्रत्येक टोक खांबाकडे लावून पाहिलं. जुळत नाही. दुपारी समीरला फोन केला. पुढच्या जोडीची खात्री देतो म्हणालो, मागच्या जोडीची नाही.
"दादांनी दिली असती."
"हो."
"मग काय करू, काका?"
मी पुढच्या जोडीचे आकडे पुन्हा वाचून दाखवले. विचार करून सांगतो, समीर म्हणाला.
मशिन ठेवा, हे वहिनींना सांगायचं राहिलंच. चाकणचा माणूस उद्या येणार.
शटर ओढलं. स्टँडवर दौंडची गाडी लागली नव्हती. उकडलेल्या शेंगा घेतल्या, बाकावर बसून सोलून खाल्ल्या. टरफलं कागदात गुंडाळून टाकली.