ब्लॉगात न लिहायची गोष्ट

सुकन्या,

माझं सकाळचं मौन सुटायच्या आत तू कामावर जातेस, म्हणून लिहून ठेवते. पोळ्या डब्यात भरल्यात.

काल तुझी गादी उन्हात टाकताना खाली 'ब्लॉग नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी' अशी छापील पानं सापडली. मुद्दाम शोधली नाहीत गं. 'विषय सुचत नसेल तर घरातल्या माणसांना बोलतं करा,' या ओळीखाली तू लाल रेघ ओढलीयस.

आठवडाभर माझे पाय दाबत विचारत होतीस, "आत्या, सोमवारी मीठ का सोडलं?" मला वाटलं, सुनेला माया आली. शनिवारी सांगून बसले, की शिवराजच्या आधी मला मुलगी झाली होती, बाराव्या दिवशी, सोमवारी गेली. तेव्हा तुझा मोबाईल माझ्या उशाशी कशाला होता, ते आता ध्यानात येतंय.

लिहिलं असशील तर लपवू नकोस. माझे उपास, माझं मौन, खुशाल लिही. लोक हसले तरी चालेल. पण आपल्याला बहीण होती, हे शिवराजला अजून माहीत नाही. मोबाईलवर वाचून त्याला कळू नये. आज दुपारी तो जेवायला आला की मीच सांगते. त्यानं लिही म्हटलं, तरच लिही.

आत्या