चिन्नोरचा वास

गोरेगाव
१० जानेवारी २०२२, सोमवार

सौ. प्रेमिलाताईंना शामकलाचा नमस्कार.

ईश्वरदासभाऊंना नमस्कार सांगा, टीनाला आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तिकडेही तसंच असेल.

फोन न करता कागद लिहिते म्हणून हसाल. पण तुमचा फोन दुकानात भाऊंजवळ असतो आणि भाऊ तो स्पीकरवर लावून बोलतात. मागच्या खेपेला मी तुमच्या नीतूच्या पायाची सूज सांगितली तर मधूनच कोणी गिऱ्हाईक मला उपाय सांगायला लागलं. विहिणी-विहिणींचं बोलणं सडक अर्जुनीच्या अख्ख्या हायवेनं कशाला ऐकायचं?

विशेष असं की येत्या रविवारी नीतूची ओटी भरायची ठरली होती, ती जरा पुढे ढकलू या. पौष लागला आहे आणि पौषात असं काही करू नये असं शेजारच्या सुशिलाबाई म्हणतात. आभाळही धरून आहे, पाहुण्यांचे हाल होतील. नीतूची तब्येत उत्तम आहे, तिची काळजी नको. माघात एखादा चांगला दिवस पाहू. साडी घेतली असेल तर ठेवून द्या, साडी काही शिळी होत नाही.

माझा घसा जरा धरला आहे. धान भरडायला गिरणीत उभी होते, त्या कोंड्यानं. काही विशेष नाही.

ओमेश कामानं तिकडे येतो आहे, त्याच्या हाती नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी पाठवते. मी स्वतः भरली आहे. यंदा दाणा लहान आहे, पण वास असा की शेजाऱ्यांना कळावं आज आपल्याकडे काय शिजतं आहे. ओटीसाठीही हाच काढून ठेवला आहे. भाऊंना आवडतो, त्यांना पोटभर वाढा.

तुमची विहीण,
शामकला

*

गोरेगाव
१४ जानेवारी, संक्रांत

प्रेमिलाताई, नमस्कार. तिळगूळ घ्या म्हणते, पण तो हातात देता येत नाही.

तुमचा निरोप नीतूच्या फोनवर आला. निरोप कसला, चांगली खरडपट्टीच होती. पौष काय काल लागला का, तारीख विहीणबाईंनीच काढली होती, पौषबिष मानत नाही असंही त्याच म्हणाल्या होत्या, मग आता काय झालं? वर चिन्नोर म्हणून साधा तांदूळ पाठवला, आमची एवढीच किंमत का? आणि रविवारी आम्ही येतोच, ओटी नाही तर नाही, लेकीला घेऊन जातो. असं सगळं तुम्ही म्हणाल्या. तुमच्या जागी मी असते तर याहून जास्त बोलले असते.

तांदूळ साधाच होता. पण तुम्हाला कमी लेखायला पाठवला नव्हता.

माझ्या घरात दोन डबे शेजारी शेजारी आहेत. एकात चिन्नोर, एकात रोजच्या खाण्याचा बारीक तांदूळ. दोन्ही डोळ्याला सारखे. ओमेश चुकतो, नीतू चुकते, मी चुकत नाही, कारण मी डोळ्यानं पाहतच नाही. मूठभर घ्यायचा, तळहाताची ऊब लागू द्यायची आणि नाकाशी धरायचा. बाजारात धान घेणारे लोकही मला हाक मारून मूठ पुढे करतात, हे तुम्हाला माहीत आहे. तुमची पिशवी भरताना मी दोन्ही डब्यांतली मूठ नाकाशी धरली. कशातच काही नव्हतं. पुन्हा धरली. मग स्वतःला म्हटलं, कोंड्यानं नाक भरलं असेल, आणि अंदाजानं एक डबा उघडला. पत्रात वासाचं एवढं कौतुक लिहिलं ते सगळं मागच्या सालाच्या आठवणीवर.

तुमचा फोन झाल्यावर नीतू माझ्या खोलीच्या दारात आली. मला वाटलं, भांडायला आली. तिनं हळूच विचारलं, "आई, तुमाले वास नाही येऊन राहिला ना?"

ती आत यायला लागली तेव्हा मी म्हटलं, "थांब तिथंच. उंबरठा नको ओलांडू."

तिला कसं कळलं ते सांगते. गेल्या चैत्रातली गोष्ट. तेव्हा ती नवी सून होती. तिनं या घरात पहिल्यांदा चिन्नोर रांधला होता. ओमेशचे बाबा पहिला घास घेऊन म्हणाले, "भाताले वासच नाही येऊन राहिला." ती रडकुंडीला आली, तिला वाटलं आपलंच काही बिघडलं. मी तिची समजूत घातली की बाई, यांचं नाक चोंदलं आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोंदियाच्या दवाखान्यात ते पायानं चालत गेले. दारात चपला काढल्या, मागे वळून म्हणाले, "नीट ठेवजो." चपला तेवढ्या घरी आल्या.

म्हणून लसीच्या सुया पुन्हा आल्या तेव्हा मी रांगेत पुढे होते. त्यांची राहून गेली होती. नीतूलाही मीच नेलं. पोटुशीला सुई कशी म्हणून तुम्ही भीत होत्या, मी तुमच्याशी वाद घातला आणि जिंकले. दुसरी सुई झाली त्या दिवशी मला वाटलं, आता तो आपल्या घराचा रस्ता विसरला. मग मी बाजारात फिरले, गिरणीत उभी राहिले, लग्नाच्या पंगतीत बसले. मास्क पदराला बांधून ठेवायची. आणि घरी येऊन नीतूच्या सुजल्या पायांना तेल लावायची. आम्ही दोघी एका ताटात जेवत होतो, ताई.

मला भीती तिच्या जिवाची आहे. माझी नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? माझीही आहे. म्हणूनच दार लावून पडून राहिले, थंडी भरली म्हणत राहिले. कोणाला सांगितलं की नेतील, नेलं की माणूस परत येत नाही, एवढंच डोक्यात घट्ट बसलं होतं. जरा धाप लागली की उठून बसते आणि मोठ्यानं आकडे म्हणते, श्वास पुरतो का ते पाहायला. बाहेरून नीतू विचारते काय मोजून राहिल्या. मी म्हणते, पोती.

काल ओमेशनं ऐकलं नाही, सरकारी दवाखान्यात नेलं. नाकात काडी घातली. निघाला. इतके दिवस त्याचं नाव मी तोंडात आणलं नाही, आता लिहिते. मला कोरोना झाला आहे. दोन्ही सुया घेऊन झाला आहे. मी तिथल्या सिस्टरवर चिडले, मग सुई कायले टोचली आमाले? ती पोरगी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काकू, सुई टोचली म्हणून तुमी भांडून राहिल्या. नाही त इथं आडव्या पडून राहिल्या असत्या." एवढ्या भीतीतही मला तिचं बोलणं पटलं.

ओमेशचं काही निघालं नाही. नीतूचंही काडीत निघालं नाही, पण सिस्टर म्हणते तेवढ्यावर भागत नाही. तिचा नमुना गोंदियाला पाठवला आहे. रिपोर्ट यायचा आहे. तोवर ती बाहेरच्या खोलीत, मी आतल्या खोलीत. ती माझं ताट दाराशी ठेवते आणि मागे सरकते. तिला सरकायला मीच शिकवलं.

म्हणून सांगते, रविवारी येऊ नका. तिला न्यायलाही नका. तिच्यात असेल तर तुमच्या घरी जाईल, आणि भाऊंना दमा आहे.

एक मनातलं लिहून टाकते. ओमेशचे बाबा गेले तेव्हा तुम्ही दोघं आले, पण गल्लीच्या तोंडाशीच गाडी उभी केली. मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही लांबूनच नीतूला हात केला आणि वळल्या. तो राग मी धरून होते. तोंडावर कधी बोलले नाही, पण त्यानंतर तुमच्या चहात मन घालून साखर टाकली नाही. आज मीच तुम्हाला गल्लीच्या बाहेर थांबा म्हणते आहे. तेव्हा तुम्ही किती अवघड काम केलं ते मला आता कळलं.

हा कागद तुमच्याकडे येणार नाही, याला माझा हात लागला आहे. मी तो खिडकीच्या गजांशी धरते, ओमेश बाहेरून फोटो काढून टीनाच्या मोबाईलवर पाठवेल. टीनाला म्हणा, भाऊंच्या दुकानात मोठ्यानं वाचू नको. आणि ती तांदळाची पिशवी कडक उन्हात ठेवा, नाही तर टाकून द्या. ती मीच भरली होती.

घाबरलेली,
शामकला

*

गोरेगाव
२० जानेवारी, दुपार

ताई,

रिपोर्ट चांगला आला ते नीतूनं तुम्हाला लगेच कळवलं होतं. तुम्ही नागऱ्याच्या महादेवाला नारळ बोलल्या, मीही इथूनच हात जोडले. माझा ताप उतरला होता. आम्ही जरा सैल झालो, हसायला लागलो.

आज सकाळी तिनं गॅसवर भात ठेवला आणि माझ्या दाराबाहेर, अंतर ठेवून, पाटावर येऊन बसली. बाळ किती लाथा मारतं ते सांगत होती. नावावरून आमचं जुंपलं. तिला नव्या तऱ्हेचं नाव पाहिजे, मला पुकारता येईल असं. तेवढ्यात ओमेश परसातल्या वाडीतून धावत मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला आणि खोकतच बाहेर आला. "भात जळून कोळसा झाला, वाडीपर्यंत वास येऊन राहिला," तो म्हणाला, "आन तुमी दोघी बसून काऊन राहिल्या?"

मी नीतूकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. आमच्यातलं कोणीच उठलं नव्हतं.

आता तिचं अंग तापलं आहे. सिस्टर येऊन गेली, या वेळी काडीत निघाला. म्हणाली, दोन सुया आहेत, फार घाबरू नका, पण सातवा महिना आहे, घरी ठेवू नका, बाळाचे ठोके पाहत राहावं लागेल. गोंदियाला न्या. तोच दवाखाना, ताई. ओमेश गाडी पाहायला गेला आहे.

नीतू रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आई, मी एकटीच जाऊ का आत?"

ओमेशला आत सोडणार नाहीत. तुम्ही आल्या तर तुम्हालाही सोडणार नाहीत. मला सोडतात. मी सिस्टरला फोन करून विचारायला लावलं, माझे वेगळं राहायचे दिवस अजून भरले नाहीत, दोघींना एकाच वॉर्डात ठेवतो म्हणाले. हा माझ्या अंगात आला तो एवढ्या कामाला तरी आला.

ताई, मला जायचं नाही. त्या दाराचा रंगही मला आठवतो आणि पाय उचलत नाहीत. तरी जाते. या वेळी चपला घालूनच आत जाईन, बाहेर कोणाजवळ काढून ठेवणार नाही.

आणि तुम्ही या. मागचं लिहिलेलं विसरा. फाटकाच्या बाहेर, जिथून खिडक्या दिसतात तिथे उभ्या राहा, गल्लीच्या तोंडाशी राहिल्या होत्या तशाच. मी तिला खिडकीपाशी आणीन. लांबूनच हात करा. ओटीची साडी सोबत आणा आणि उलगडून दाखवा, तिला रंग दिसू द्या.

चिन्नोर मी पदरात बांधून घेतला आहे. या वेळी ओमेशला वास घ्यायला लावला, मगच बांधला. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, पण आत दुसरं कोण आहे? तुम्ही खाली दिसल्या की मी भरते. नजर तुमची, हात माझे. चालेल ना तुम्हाला?

गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला.

तुम्ही येईस्तोवर नीतूची आई,
शामकला