सॅम्पल फ्लॅटमधले बाबा

प्रिय ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत ताठ बसलो आहे. ऑफिसात बैठक चालू आहे आणि साहेबांना वाटतंय, मी मुद्दे टिपून घेतोय.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही दोघं बहुधा ठीक असू. हिची माझी गाठ पडली की नक्की विचारून कळवतो.

मागे फोनवर मी म्हणालो होतो, बाबांना विसर पडायला लागलाय. ते मागे घेतो. घरातून वस्तू नाहीशा होत होत्या हे खरं. आधी टीव्हीच्या रिमोटमधले सेल गेले, मग थर्मास, मग दोन कप, शेवटी सोफ्यावरची उशी. बाबांना विचारलं की म्हणायचे, "असेल इथेच कुठेतरी." हिने डॉक्टरांची वेळ घेतली आणि मी ती रद्द केली, कारण दोघांपैकी कुणालाच रजा मिळेना.

तुला आठवतंय ना, बाबांनी घर बांधलं ते निवृत्त झाल्यावर. आधी नोकरी केली, मग घरात बसले. आमच्या पिढीने शहाणपणा केला. घर आधी घेतलं आणि त्याचे हप्ते फिटावेत म्हणून दोघंही बाहेर. सगळे एकत्र राहू म्हणून बाबांनी आपलं घर विकून पैसे यात घातले, आणि एकत्र राहायला आलेला तो माणूस दिवसभर एकटा बसू लागला. आमच्या बाल्कनीत म्हणे दुपारचं छान ऊन येतं. दलालाने तसं सांगितलं होतं. सूर्य असताना मी तिथे कधी उभा राहिलेलो नाही, तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबून आहे.

तर आमच्या समोर एक नवी इमारत उठतेय. ऑफिसातल्या एकाने (त्याला आम्ही चौकशी खिडकी म्हणतो, कारण त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं) तिथे फ्लॅट घेतला. जेवणाच्या सुट्टीत सांगत होता की गिऱ्हाइकांना दाखवायला तिथे एक सजवलेला सॅम्पल फ्लॅट आहे आणि त्यात एक आजोबा भेटले. "काय समाधानी माणूस आहे. म्हणाले, मुलगा रोज सहाला घरी येतो, मग आम्ही दोघं चहा घेतो." ते ऐकूनच म्हणे त्याचं ठरलं. ताई, मला त्या मुलाचा हेवा वाटला. अशी मुलं हल्ली राहिली नाहीत, असंही मी बोलून गेलो. मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. सोफ्यावर बाबा होते आणि त्यांच्या पाठीशी आमची उशी होती.

दाढ दुखतेय सांगून निघालो. तिथे सगळी नक्कल. फळं प्लास्टिकची, पुस्तकं आतून पोकळ, नळाला पाणी नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालत होतं, आमच्या सेलवर. विक्री बघणारी मुलगी हळूच म्हणाली, "काकांना काही बोलू नका हं. ते असले की घर घरासारखं वाटतं." पहिल्यांदा ते नुसते डोकावले होते. त्या मुलीने "बसा ना काका" म्हटलं आणि ते बसले. (आमच्याकडे त्यांना बसा म्हणायला कोण असतं?) सोफ्याच्या वर आईचा फोटो लावला होता. तो आमच्या हॉलमधून कधी गेला, ताई, मला सांगता येत नाही. हिलाही येत नाही. रिमोट बंद पडला ते आम्हाला कळलं, आई गेलेली कळली नाही. याचं फार वाईट वाटतंय.

बाबा एका जोडप्याला खिडकी उघडून दाखवत होते. मला पाहून क्षणभर चपापले, मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "हा माझा मुलगा. आज जरा लवकर आला." त्यातल्या बाईंनी विचारलं, रोज सहाला येता? मी हो म्हणालो. बाबांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. (दुसरा कप कधीचा पुसून ठेवलेला होता.) फार दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं. त्यानंतर माझ्या आणखी दोन दाढा दुखल्या. साहेबांना आता संशय यायला लागलाय.

बैठक आटपत आली. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाबांच्या कृपेने समोरचे सगळे फ्लॅट खपले. त्यामुळे महिनाअखेरीला सॅम्पल फ्लॅट मोडून टाकणार आहेत. बाबांना अजून कळलेलं नाही.

ता. क. दुसरा : खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं. तू अजून भाड्याच्या घरात राहतेस म्हणून आम्ही आजवर हळहळत आलो. पण तुझ्या घरात दुपारी माणसं असतात. बाबांना तुझ्याकडे नेशील का? आईचा फोटो सोबत देतो.

ता. क. शेवटचा : वरचं विचारलंच नाही असं समज. पाकीट बंद करायच्या आधी म्हटलं, बाबांनाही विचारावं. काल समोर गेलो तेव्हा ते कप पुसत होते. म्हणाले, "मी गेलो, तर सहाला तू येणार कुणाकडे?" आज ऑफिसात हे लिहीत असताना साहेबांनी विचारलं, डोळ्यांना काय झालं. दाढ, म्हणालो.