साहेबांचं समाधान

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता तरी सरळ झाली का? माझे गुडघे जागेवर आहेत, डोकं मात्र तुझं पत्र वाचून फिरलंय. म्हणे, तुझ्या जुन्या साहेबांना भेट आणि पोरीला कामावर परत घ्यायला सांग! आधी झालं काय ते ऐक, कारण तुझी लेक अर्धंच सांगणार (बापावर गेली आहे).

विद्यापीठवाले दरवर्षी विमा कंपन्यांना बोलावून विचारतात, आमचे विमागणिताचे पदवीधर तुम्हाला पसंत आहेत ना? यंदा साहेबाने मलाही शोभेला नेलं. (निवृत्त होईपर्यंत मी त्याच्या विमा कंपनीतच खात्याची पत्रं लिहिली. या इसमाची क्रियापदंसुद्धा मीच जागेवर बसवायचे. आता टाय लावून माझ्यापुढे रेलून बसतो.) तर हा उठला आणि म्हणाला, ‘‘पोरांचं गणित अव्वल, पण साध्या माणसाला कळेल असं एक वाक्य बोलतील तर शपथ! आम्ही समाधानी नाही.’’ प्राध्यापकांनी माना खाली घातल्या आणि बिस्किटं खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात त्याने तुझ्या पोरीला, त्याच विद्यापीठाच्या पदवीधराला, निवृत्त शिक्षकांपुढे उभं केलं, नवी आयुर्विमा योजना समजवायला. ‘‘सोपं बोल हं बाळ, आकडे नकोत.’’ पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, ‘‘मुली, यात आमचा फायदा कधी?’’

‘‘लवकर गेलात तर तुमच्या घरच्यांचा, आजोबा. खूप जगलात तर कंपनीचा.’’

कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या धाकात वाक्यं घोटलेली मी, पण इतकं स्वच्छ वाक्य मीही क्वचितच ऐकलंय. आजोबांनी काठी उचलली, मागोमाग सगळं सभागृह उठलं. साहेबाने तिला कामावरून काढून जिन्यातूनच घरी पाठवलं. कारण काय दिलं? संवादकौशल्याचा अभाव!

त्या माणसाच्या दारात मी जायचं? आणि तू तिला माफी मागायला लावतोस? खबरदार. नाक घासायचा विषय विद्यापीठात नाही, म्हणून तर साहेबाचं समाधान होत नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. पोरीला चार दिवस माझ्याकडे पाठव. तिचं मन रमेल.

आणखी ता. क. तिचं मन राहू दे, काम माझंच आहे. त्या योजनेचं पहिलं गिऱ्हाईक मीच. यातून बाहेर कसं पडायचं हे मला कळेल असं सांगणारं आता त्या कंपनीत कोणी उरलेलं नाही.